परबकाकांना उत्तर द्या!

अन्याय झाला तो दत्ताराम परब यांच्यावर. गेल्या खंडेनवमीला, सकाळी ठीक साडेअकरा वाजता, भांडुपच्या एका चाकांच्या कारखान्यात. हत्यारांच्या पूजेच्या टेबलावर झेंडूची माळ घालून ठेवलेला त्यांचा हातोडा नव्या मॅनेजरने दोन बोटांनी उचलला, "हे भंगार इथे कुणी ठेवलं?" असं विचारलं आणि पिंपात टाकला. माळेसकट! त्या जागी चाकं तपासायचं नवं मशीन बसलं. मशीनला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, सगळ्यांना पेढे मिळाले. परबकाकांनाही मिळाला. त्यांनी तो आधी नखाने वाजवून पाहिला.

पेढा वाजवून बघणारा माणूस तुम्हाला वेडा वाटेल. थांबा जरा.

परबकाका आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. त्यांच्या कारखान्यात रेल्वेच्या डब्यांची आणि ट्रकची चाकं बनतात, आणि चौतीस वर्षं काकांचं काम एकच: चाकावर हातोडा मारायचा आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं की 'पास', खडूने बरोबरची खूण. आत चीर असली तर आवाज बद्द येतो. मग फुली. ही सवय माणसाने गेटवर ठेवून घरी यावं ना? नाही! खडू कानामागे तसाच, आणि बोटाचं पेर कायम तयार.

स्टेशनबाहेरचा कलिंगडवाला त्यांना चहा पाजतो, कारण काकांच्या खुणेचं कलिंगड आधी खपतं. माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्यामुलाच्या पाठीवर दोन थापा मारल्या, कान लावला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "पास!" सोसायटीने जिन्याला नवीन प्लास्टर केलं, तर काकांनी चार मजले टकटक करत भिंतीवर फुल्या मारल्या. सेक्रेटरी भडकला, "अहो परब, कलर लावलाय काल!" वर्षभरात त्या फुल्या एकेक करून खाली पडल्या. प्लास्टरसकट.

मी पत्रकं काढते. पाण्यासाठी, फुटपाथसाठी, बंद पडलेल्या दवाखान्यासाठी. पहिली प्रत काकांना. ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतात, कागदाला टिचकी मारतात आणि म्हणतात, "चेडवा, आवाज मोठो आसा, पण नाद नाय." मला जाम राग येतो. मग मी दुसऱ्यांदा लिहायला बसते.

तर हातोडा. मी पेटले. 'हातोडा परत द्या!' असं पत्रक छापलं आणि कारखान्याच्या गेटवर उभं राहून वाटलं. त्यात एक गोष्ट मी लिहिली नव्हती, ती इथे लिहिते. खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात काकांनी मॅनेजरच्या नव्या गाडीची चारही चाकं वाजवून चारींवर फुल्या मारल्या होत्या. टायर चढवलेलं चाक खणखणीत कसं वाजेल? ही काकांची चूक, साफ चूक. पण म्हणून हातोडा पिंपात?

सही मात्र काका करेनात. "माका खय हातोडो होयो?" म्हणाले आणि पेन परत दिलं. हातोडा हवाय कुणाला म्हणे! अहो, ज्याच्यासाठी लढायचं तोच सही करत नाही!

शेवटी हातोडा मिळाला तो वॉचमनकडून. त्याने त्याच दिवशी पिंपातून काढून खुर्चीखाली ठेवला होता. "तुमचं पत्रक नाय वाचलं मॅडम," तो म्हणाला, "पण काकांचा हातोडा भंगारात जातो काय?" मी तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि विजयी वीरासारखी जिना चढले.

संध्याकाळचे सहा वाजले होते. काका माझ्या पुढेच वर पोचले होते. त्यांच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, त्यांनी स्वतःच लावलेलं. तरी त्यांनी पेराने दारावर तीन ठोके मारले. मान तिरकी करून ऐकत उभे राहिले. बराच वेळ. मग खिशातून किल्ली काढली.

मी पायरीवरच थांबले. काकांची बायको, आमच्या सुनंदाकाकू, गेल्या त्याला दीड वर्ष झालं. त्या होत्या तेव्हा रोज सहाला भिंतीपलीकडून ऐकू यायचं: दारावर तीन ठोके, आणि लगेच भांड्यावर पळीचे तीन ठोके. ठण, ठण, ठण. मग बाहेरून काकांचं "पास!" आणि मग कडी निघायची. मी इकडून ओरडायचे, "ओ, अभ्यास करतेय मी!"

हातोडा हातात दिला तर काकांनी तो नुसता तोलून पाहिला. "मशीन चांगला आसा गो," म्हणाले. "माका ऐकाक येय नाय अशी चीर तेका दिसता. माझी तक्रार नाय. पण चाकार मारलंय काय चाक उत्तर देय. आता खयही मारलंय तरी..."

"आमचं दार वाजवा की!" मी म्हटलं.

"तुमी आतसून 'कोण?' म्हणून इचारतास. ता उत्तर न्हय. ती चवकशी."

दुसऱ्या दिवशी सहाला ठोके पडले. मी धावत जाऊन आमच्या पातेल्यावर पळी हाणली, तीन वेळा. मग जिन्यातून आवाज आला, "बद्द! भांडा बदल!"

आईने माळ्यावरचं पितळेचं पातेलं काढलं, चिंचेने घासलं. तिसऱ्या दिवशी ते वाजवलं. बाहेरून काहीच आलं नाही, 'पास' नाही, 'बद्द' नाही. फक्त किल्ली फिरली. सकाळी दूध घ्यायला गेले तर आमच्या दारावर खडूची बरोबरची खूण होती.

आता तुम्ही. सोमवारी आणि गुरुवारी मी सभेला असते, आई कामावरून उशिरा येते. आमच्या जिन्यात राहत असाल तर ते दोन दिवस तुमचे. दुसरीकडे राहत असाल, तर तुमच्या मजल्यावर स्वतःच लावलेलं कुलूप स्वतःच उघडून घरात शिरणारं कोण आहे, ते आज संध्याकाळी बघा. सही नको, वर्गणी नको. पळी उचला आणि वाजवा. भांडं पितळेचं घ्या.