भेकराचा घरगुती छंद

एका जंगलात रावजी नावाचं एक भेकर राहत होतं. भेकर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसणार, मुलांनो. भेकर म्हणजे लहानखुरं, लालसर हरीण. पण ते कुत्र्यासारखं भुंकतं. वाघ दिसला की भुंकतं. ते भुंकलं की चितळं पळतात, सांबरं पळतात, मोर झाडावर चढतात आणि वाघ उपाशी झोपतो.

रावजीच्या घराण्यात हे काम सात पिढ्यांपासून चालत आलं होतं. पगार नव्हता, रजा नव्हती आणि आभार मानायची पद्धत तर नव्हतीच. रावजीच्या आजोबांनी एका उन्हाळ्यात भुंकून भुंकून घसा बसवून घेतला होता. त्या उन्हाळ्यात पाणवठ्यावर एकही जीव गेला नाही. पण कुणी त्यांचं नाव काढत नसे. जे घडलंच नाही, त्याची आठवण कोण ठेवणार?

मग जंगलात मोबाईल आला. हरणाला खूर असतात, ते बोट कसं फिरवणार, असले प्रश्न विचारू नका. वाघ बोलतो ते तुम्ही निमूट ऐकून घेणार आहात, तसं हेही ऐका.

वानरांच्या नानाने लगेच एक ग्रुप काढला. नाव ठेवलं ‘पाणवठा परिवार’. ग्रुपला वजन यावं म्हणून त्याने वाघालाही त्यात घेतलं. रोज सकाळी तिथे चित्रं यायची. उगवता सूर्य, कमळ, दोन पोपट आणि खाली सुविचार. चित्र आलं की प्रत्येकाने जोडलेले हात पाठवायचे, अशी रीत पडली. चित्र बघायचंच असं काही नव्हतं, हात मात्र पाठवायचे. एका चितळिणीने तीन दिवस हात पाठवले नाहीत, म्हणून नानाने तिला काढून टाकलं. ती बिचारी त्या दिवसांत बाळंत झाली होती.

एकदा रावजीच्या पायात काटा मोडला. चार दिवस तो करवंदाच्या जाळीत घरीच बसून होता. बसल्या बसल्या त्याला एक ॲप सापडलं. दाबलं की फूल यायचं. ओढलं की मोठं व्हायचं. फोटो गोलात बसायचा, अक्षरांना सावली पडायची. रावजीने सगळी दुपार घालवून एक ‘सुप्रभात’ केलं. सूर्य थोडा वर घेतला, पुन्हा थोडा खाली घेतला. कमळाच्या पाकळीवर दवाचा एक थेंब ठेवला आणि तो थेंब जागेवर बसला तेव्हा त्याला फार बरं वाटलं.

दुसऱ्या सकाळी त्याने ते पाठवलं. बासष्ट जणांनी हात जोडले. सात पिढ्यांना मिळाले नव्हते एवढे आभार रावजीला नाश्त्याच्या आत मिळाले. इथवर मी त्याला दोष देणार नाही. आयुष्यभर ओरडून ज्याला कुणी ‘बरं केलंस’ म्हटलं नाही, त्याला एका कमळाने आनंद झाला तर त्यात त्याचं काय चुकलं?

चुकलं ते पुढे.

त्याच दिवशी वाघाचा त्याला वेगळा निरोप आला. वाघ म्हणाला, ‘रावजी, तुमचं कमळ पाहिलं. एवढा नाजूक हात असलेला कलावंत दिवसभर घसा फोडत फिरतो, हे मला बघवत नाही. लोकांना सावध करायचंच, तर चित्रातून करा. ते जास्त शोभून दिसतं.’

रावजी हरभऱ्याच्या झाडावर चढला. त्याने तो निरोप बायकोला वाचून दाखवला.

त्याची बायको सगुणा फारशी बोलायची नाही. ती करवंदं निवडत होती. ती म्हणाली, “अहो, वाघाला तुमचा आवाज नकोसा झालाय, म्हणजे तुमचा आवाज चांगला आहे.”

“तुला कलेतलं काय कळतं?” रावजी म्हणाला.

नाही कळत, असं म्हणून सगुणा पुन्हा करवंदं निवडू लागली.

पाय बरा झाला, पण रावजी काही बाहेर पडला नाही. आता जंगलातले सगळे वाढदिवस त्याच्याकडे येऊ लागले. त्याने तीन आठवडे खपून एक चौकट तयार केली. मधोमध वाढदिवस असलेल्याचा मोठा फोटो. मागे सोनेरी किरणं. वर झेंडूचं तोरण. आणि खाली, गोल गोल खिडक्यांत, सगळ्या शुभेच्छुकांचे छोटे फोटो. या गोलांवरून फार भांडणं झाली. मोर म्हणाला, मी पहिल्या गोलात हवा. रानडुकराला शेवटचा गोल मिळाला म्हणून ते दोन दिवस कुणाशी बोललं नाही. रावजीच्या नाकी नऊ आले, पण मनातून तो खूश होता. पूर्वी लोक त्याचं भुंकणं ऐकून पळायचे. आता त्याच्याकडे येऊन बसायचे.

एके दिवशी, उन्हं कलल्यावर, त्याला पाणवठ्याकडे घाणेरीच्या झुडपात काहीतरी पिवळं हललेलं दिसलं. तो वाघच होता. दबा धरून बसला होता. थोड्या वेळात सगळे पाण्यावर येणार होते.

सवयीने रावजीचं तोंड उघडलं. मग त्याने ते मिटलं आणि मोबाईल काढला.

त्याने वाघाचा फोटो घेतला. वाघानेही मान जराशी वळवली, म्हणजे चेहऱ्यावर उजेड नीट पडेल. फोटो छान आला. रावजीने तो आपल्या चौकटीत बसवला, कारण त्याला दुसरी चौकट येत नव्हती. मधोमध वाघ आला. मागे सोनेरी किरणं आली, वर तोरण आलं. खाली गोलांत सगळ्यांचे फोटो होतेच, ते त्याने राहू दिले. हे सगळे धोक्यात आहेत, असा त्यातून अर्थ निघेल असं त्याला वाटलं. मग त्याने लाल अक्षरांत ‘सावधान’ लिहिलं. पण सोनेरीवर लाल डोळ्यांना खुपत होतं. म्हणून त्याने ते बारीक केलं आणि कोपऱ्यात नेलं.

“अहो, भुंका ना,” सगुणा म्हणाली.

“दोन मिनिटं थांब. अक्षर नीट बसत नाहीये.”

अक्षर बसलं. चित्र गेलं. रावजी उत्तरांची वाट बघू लागला.

पहिलं उत्तर नानाचं आलं. वाघोबांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा. मग मोराचं. उदंड आयुष्य लाभो. मग चितळांच्या घरातून एकदम अकरा जणांचे हात आले. कुणी केक पाठवला, कुणी फुगे. स्वतः वाघाने लिहिलं की तुमच्या प्रेमाने मी भारावून गेलो आहे, प्रत्यक्ष भेटलात तर आनंद होईल, मी पाणवठ्यावरच आहे.

रावजी घाबरला. त्याने भराभर लिहिलं, ‘हा वाढदिवस नाही, तो दबा धरून बसलाय.’ पण ते नुसतेच शब्द होते. त्यांना ना फूल, ना किनार. ‘पाणवठा परिवार’मध्ये नुसते शब्द कुणी वाचत नसे. बघता बघता ते वाक्य फुग्यांच्या वर निघून गेलं.

जंगलात तात्या नावाचं एक वयस्कर सांबर होतं. फार भला जीव. चैत्रात पाणी आटलं की तो खुराने गाळ उकरायचा आणि आपण बाजूला उभा राहून आधी पिल्लांना पिऊ द्यायचा. तात्या म्हणाला, मोठ्यांच्या वाढदिवसाला नुसते हात पाठवून भागत नाही, समक्ष जायला हवं. त्याने पळसाच्या फुलांचा हार शिंगांवर घेतला आणि तो निघाला.

तेव्हा सगुणा भुंकू लागली. जाळीबाहेर उभी राहून, जिवाच्या आकांताने. नानाने लगेच ग्रुपवर कळवलं की आज वाघोबांचा वाढदिवस आहे, काही जण मुद्दाम गोंगाट करत आहेत, कृपया लक्ष देऊ नये. तात्याने लक्ष दिलं नाही. तो पाण्याजवळ गेला. वाघाने हार घालून घ्यायला मान खाली केली.

पुढचं मी सांगत नाही. तुम्हाला अजून जेवायचं आहे.

रावजी त्या रात्री खूप रडला. खोटं नाही सांगत, खरंच रडला. सकाळी तो तात्याची श्रद्धांजली करायला बसला, तेव्हाही डोळे वाहत होते. त्याने तात्याचा जुना फोटो काढला. भोवती पांढरी फुलं लावली. बाजूला समई ठेवली. समईच्या ज्योतीला हलकासा पिवळा उजेड दिला, तो तात्याच्या गालावर पडला, आणि रावजीचं रडणं थांबलं. त्याने मोबाईल लांब धरून पाहिलं. आजवरचं त्याचं सगळ्यात चांगलं काम ते होतं. मला रावजीचा राग येतो तो इथे.

सगळ्यांनी हात जोडले. वाघाने लिहिलं, ‘तात्यांच्या शेवटच्या क्षणी मी त्यांच्यासोबत होतो, हे माझं भाग्य.’ हे वाचून पुष्कळांचे डोळे पाणावले.

मग नानाने सभा घेतली. असं कसं झालं, यावर चर्चा झाली. दोन तास बोलून सगळ्यांचं एकमत झालं की ‘सावधान’ हे अक्षर फार बारीक होतं. सगुणा म्हणाली, त्यापेक्षा भुंकलं तर? नाना म्हणाला, वहिनी, काळ कुठे गेला, तुम्ही कुठे आहात. मग ठराव झाला की भुंकणाऱ्यांना ग्रुपमधून काढावं आणि बाकीच्यांना चित्रं करायला शिकवावं, म्हणजे पुन्हा अशी चूक होणार नाही. सगुणाला तिथल्या तिथे काढलं. रावजीला गुरुजी केलं.

करवंदाच्या जाळीत वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी एकोणीस जण आले. वाघही आला आणि पहिल्या रांगेत बसला. कलेपुढे सगळे सारखे, असं म्हणून रावजीने त्याचं स्वागत केलं. बाकीचे वाघाच्या मागे, जरा अंतर ठेवून बसले.

पुढच्या आठवड्यात सतरा आले. त्याच्या पुढच्या आठवड्यात चौदा. हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही, असं रावजी म्हणायचा. जे येईनासे झाले त्यांच्या श्रद्धांजल्या तो वर्गात सरावासाठी द्यायचा. सरावाला कधी विषय कमी पडला नाही. वाघाची प्रगती सगळ्यांत चांगली होती. नखामुळे त्याला बारीक काम छान जमायचं. पावसाळा संपेपर्यंत वर्गात वाघ एकटाच उरला. एवढा एक विद्यार्थी घडला तरी पुष्कळ झालं, असं रावजीला वाटलं.

सगुणा रोज टेकडीवर जायची. वाघ दिसला की भुंकायची. ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता ते ऐकून पळायचे.

एका दुपारी रावजी जाळीत बसला होता. सगुणा नुकतीच टेकडीवरून आली होती. वाघाकडून एक चित्र आलं. रावजीने उघडलं. मधे रावजीचाच फोटो होता. भोवती झेंडूची फुलं, बाजूला समई. खाली लिहिलं होतं, ‘कै. रावजी भेकर. भावपूर्ण श्रद्धांजली.’ आणि त्याखाली आजची तारीख.

सगुणाने खांद्यावरून पाहिलं. “अहो, उठा,” ती म्हणाली. “मागच्या वाटेने निघू. आत्ता.”

रावजीने मान वर केली नाही. तो फुलांची किनार बघत होता. एक फूल वाकडं नव्हतं. समईचा उजेड जितका हवा तितकाच होता. हे त्यानेच शिकवलं होतं, आणि इतकं नेमकं उचललेलं तो पहिल्यांदाच बघत होता. त्याला भरून आलं.

सगुणाने त्याला दोनदा डोक्याने ढकललं. तो हलला नाही. मग ती एकटीच पळाली आणि पळता पळता भुंकत गेली. तिचा आवाज खूप वेळ ऐकू येत होता.

रावजीने वाघाला लिहिलं, ‘उत्तम झालं आहे. फक्त फोटो किंचित डावीकडे गेलाय. मधोमध घ्या.’

वाघाचं उत्तर आलं, ‘बाहेरच उभा आहे, गुरुजी. समोर बसून दुरुस्त करू का?’

रावजी वाळलेल्या पानांवर जरा सरकून बसला आणि त्याने वाघासाठी शेजारी जागा केली.

संध्याकाळी ते चित्र ‘पाणवठा परिवार’वर आलं. फोटो बरोबर मधोमध होता. ग्रुपमध्ये आता नाना, मोर आणि वाघ एवढेच उरले होते. नानाने आणि मोराने हात जोडले.

तात्पर्य : आपली श्रद्धांजली वेळेआधी हातात पडली तर घाबरून पळत सुटू नये. शांतपणे बघावी आणि चुका काढून द्याव्यात. पळणारे जगतात, पण त्यांची चित्रं कोणी करत नाही.