सरळ रेषेचा तांडेल

बाबलकाकांची होडी वाकडी जाते, असं मी चारचौघांत सांगितलं. ते खोटं होतं. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढचं लिहिताना मी स्वतःला हळूहळू चांगला ठरवत जाईन.

वाकडी गोष्ट बाबलकाकांना सोसायची नाही. कुणाच्या भिंतीवर कॅलेंडर कललेलं दिसलं, तर चहाला हात लावण्याआधी ते उठून सरळ करायचे. भाचीच्या लग्नात अंतरपाट एका बाजूने खाली आला, तेव्हा त्यांनी भटजींना मंगलाष्टकं थांबवायला लावली. "सरळ धरा रे मेल्यांनू! पोरीच्या जन्माचो प्रश्न आसा!" न्हाव्याच्या खुर्चीतून उतरले की आरशाऐवजी बाकावर बसलेल्यांना विचारायचे, "मिशी सरळ आसा मां?" शेजारचे तात्या गेले, तर त्यांनाही सोडलं नाही. तिरडीवर ठेवलेल्या तात्यांना खांद्याला धरून जरा हलवलं आणि म्हणाले, "आता बरो दिसता." रडणाऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले, ते हसू दाबायला.

मी पाण्याचे प्रवाह मोजण्याचं काम करतो. आमचं यंत्र होडीच्या कडेला पाइपावर घट्ट बांधून पाण्यात बुडवायचं. ते खाली आवाज सोडतं, परत आलेला आवाज ऐकतं, आणि पाणी कुठे, किती जोरात चाललंय ते सांगतं. आपली होडी कशी गेली, तेही तेच पडद्यावर काढून दाखवतं. त्यासाठी होडी खाडीच्या या काठापासून त्या काठापर्यंत सरळ न्यावी लागते. होडी काकांची, ती चालवणारे तांडेलही तेच. हे ऐकून ते खूश झाले. "इतक्या वर्सांत पयलोच शाणो माणूस गावलो!" त्यांनी यंत्राचं नाव जावई ठेवलं. "काम आवाज करूचा, आणि सगळ्यांनी तेकाच सांभाळूचा."

त्या दिवशी आमचा ॲल्युमिनियमचा पाइप मी कुडाळच्या ऑफिसात विसरलो. साहेब बघायला येणार होते. मी घाईघाईने मालवणातल्या दुकानातून नळाचा लोखंडी पाइप आणला आणि यंत्र त्यावर बांधलं. यंत्राच्या पोटात होकायंत्र असतं, लोखंड जवळ आलं की ते चुकीची दिशा दाखवतं. मला हे ठाऊक होतं. एका दिवसाने काय होतंय, म्हटलं.

काकांनी समोरचा माड आणि त्यामागची देवळाची काठी एका रेषेत धरली. खाडी पार होईपर्यंत कुणाला शिंकूसुद्धा दिलं नाही. पडद्यावरची रेषा मात्र कोयतीसारखी वाकली.

धक्क्यावर साहेबांनी विचारलं, "हे काय?"

"तांडेलाला रेषा धरता आली नाही," मी म्हणालो.

बाजूच्या होडीवाल्यांना तेवढंच हवं होतं. "बाबल, सकाळीच मारलंस काय रे?"

काका दारूला शिवत नसत. ते लॅपटॉपजवळ आले, वाकून रेषा बघितली.

"ह्यां मी केलंय?"

"हो."

पुढच्या आठवड्यात मी बरोबर पाइप नेला, पण होडी दुसऱ्याची घेतली. रेषा सरळ आली. साहेब म्हणाले, "बघ, तांडेल बदलला आणि काम झालं." मी मान डोलावली.

त्यानंतर मी ती खाडी टाळली. यंदा कामासाठी जावंच लागलं. काकांची होडी त्यांच्या अंगणात माडाच्या झापांखाली उपडी पडली होती. काकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घालत होत्या.

"ह्ये म्हणतत, डोळे गेले," त्या म्हणाल्या. "डॉक्टर सांगता बरे आसत. तर डॉक्टराकच इचारतत, यंत्र खोटां बोलात काय?"

काका रोज सकाळी शाळेच्या पोरांना होडीतून पलीकडे सोडायचे. ते बंद झालं. पोरं आता पुलावरून लांबच्या वाटेने जातात.

"आणि ह्ये तेंच्या मागसून चलतत. सगळ्यांची दप्तरां घेवन. पाय सुजतत, पण आयकणत नाय."

पोरांना सोडून परत येताना काका मला पुलावरच भेटले. खांदे उतरले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पाइप, होकायंत्र, साहेब.

"म्हणजे डोळे बरे आसत?"

"बरे आहेत, काका."

"तुमका तेवाच म्हायत होता?"

"हो."

मला शिव्या हव्या होत्या. काका कठड्यावर बसले आणि आपल्या हातांकडे बघत राहिले. "माका वाटला, माझ्या हातान कोणाचां तरी पोर बुडतला. सपनात तीच होडी रे, तींच पोरां..." मग उठले. "माका सांगान काय उपेग? पोरांच्या आवशींका सांगा."

किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालला होता. पोरांच्या आया टोपल्या घेऊन तिथेच होत्या, त्या दिवशी हसलेले होडीवालेही. काका मागे, वाळूच्या कडेला थांबले. ऑफिसातली मराठी माझ्या तोंडात येईना.

"बाबलकाकांची होडी सरळच गेल्ली," मी म्हणालो. "यंत्र मी चुकीचां बांधलंय, आणि खोटां पण मीच बोललंय. तुमची सगळ्यांची माफी मागतंय."

मग मागे वळलो.

"काकानू, तुमची पण."