झुंबर कोल्ह्याचा फोटो

एका जंगलात, बालमित्रांनो, तरुण असायला बंदी नव्हती. तसं दिसायला होती.

ते जंगल धुकट होतं. तिथं सतत पावसाची झिमझिम असे. प्राणी पाणवठ्यावर रांगेत उभे राहत आणि दुपारी चारला न चुकता चहा पीत. याला ते संस्कृती म्हणत.

तिथं कुमुद नावाची चिचुंद्री राहायची. ती फोटो काढायची. लग्नाचे, बारशाचे, ओळखपत्राचे. चिचुंद्रीकडे कुणी निरखून बघत नाही, म्हणून फोटो फार सहज यायचे.

एक दिवस ओढ्याच्या पुलाखाली तिला चार तरुण कोल्हे दिसले. त्यांनी डोक्यावरचे केस उभे करून लाल रंगवले होते. कानांत साळिंदराचे काटे टोचले होते. त्यांच्या म्होरक्याचं नाव झुंबर.

"दुखलं का रे?" कुमुदनं विचारलं.

"खूप," झुंबर म्हणाला. "पण आधी सगळे आम्हाला नुसते लबाड म्हणायचे. आता निदान घाबरतात."

"फोटो काढू?"

"आमचा? कशाला?"

"छान दिसताय."

असं त्यांना कुणी कधी म्हटलं नव्हतं. झुंबरनं तोंड फिरवलं. मग हळूच विचारलं, "उजेड इकडून बरा आहे का?"

फोटो इतका सुंदर आला की कुमुदनं तो हौसेनं वर्तमानपत्राला दिला. वर्तमानपत्रानं तो पहिल्या पानावर छापला. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'ही पाहा आपली तरुण पिढी!'

त्या दिवशी चारचा चहा कुणाला गोड लागला नाही. वाघोबा सरकारांनी हुकूम काढला. जंगलचे पोलीस म्हणजे कोळसुंदे, रानकुत्रे. ते हातात वर्तमानपत्र घेऊन निघाले, चेहरे जुळवत जुळवत पुलाखाली पोचले आणि चौघांना नदीपार हाकलून आले.

जाता जाता झुंबर कुमुदला म्हणाला, "फोटो मस्त आलाय, ताई."

त्यात टोमणा नव्हता. कुमुदला तेच जास्त लागलं.

त्यानंतर तिनं वर्तमानपत्राला एकही फोटो दिला नाही. काढायचे मात्र थांबवले नाहीत. काटेवाल्यांनंतर जाडजूड बूट घालणारी बोडकी माकडं आली. मग ओसाड गुहेत तीन तीन दिवस नाचणारी तरसं आली. दरवेळी मोठे प्राणी म्हणत, "आमच्या वेळी असं नव्हतं." कुमुदकडे त्यांच्या वेळचेही फोटो होते. ती सगळे फोटो खाटेखालच्या पेटीत ठेवायची.

अशी चाळीस वर्षं गेली. एक दिवस संग्रहालयाच्या घोरपडबाई आल्या आणि पेटीला चिकटून बसल्या.

"कुमुदताई, हा आपला वारसा आहे!"

"तेव्हा तर उपद्रव होता."

"चाळीस वर्षं झाली की उपद्रवाचा वारसा होतो. तसा नियमच आहे."

"मग त्या चौघांना परत बोलवा. तरच फोटो देते."

"बोलावू, बोलावू," घोरपडबाई म्हणाल्या आणि पेटी घेऊन गेल्या.

प्रदर्शन थाटात उघडलं. दुकानात प्लॅस्टिकचे काटे विकायला होते. हरिणींनी ते हौसेनं कानांत घातले. वाघोबा सरकार भाषणात म्हणाले, "केवढं हे धाडस! असे तरुण आता राहिले नाहीत!"

"सरकार, ते नदीपार आहेत," कुमुद म्हणाली. "त्यांना बोलावणार होतात ना?"

"अहो, बोलावलंय की! केवढा मोठा फोटो लावलाय त्यांचा."

तेवढ्यात दारात गलका झाला. एक म्हातारा कोल्हा नदी पोहून आला होता. डोक्यावर चार लाल केस, कानांत खरेखुरे काटे.

"असल्या अवतारात आत सोडत नाही," पहारेकरी कोळसुंदा म्हणाला.

"अहो, आत माझाच फोटो आहे."

"तो फार देखणा आहे. चला, निघा."

कुमुदनं आवाज ओळखला. ती स्टुलावर चढली, खिळ्यावरून फोटो काढला आणि ओढत ओढत दाराबाहेर घेऊन आली.

"झुंबर, चूक माझी झाली. मी तो छापायला द्यायला नको होता."

झुंबरनं फोटोतल्या बाकी तिघांवरून पंजा फिरवला. "या तिघांना बघायला आलो होतो," तो म्हणाला. "आता मी एकटाच उरलोय."

दोघांनी फोटो दोन बाजूंनी धरला आणि ते नदीकडे चालायला लागले. कुमुद परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी घोरपडबाईंनी रिकाम्या खिळ्याखाली पाटी लावली, 'निषेध'. सगळ्यात जास्त गर्दी तिथंच झाली. वाघोबा सरकार तर खिळा बघून गहिवरले.

तात्पर्य : मुलांनो, तरुणपणी खुशाल बंड करा, मोठी माणसं नक्की कौतुक करतील. फक्त भिंतीवर टांगले जाईपर्यंत हलू नका, आणि टांगल्यावर बघायला येऊ नका.