करदोड्याचा पेनड्राइव्ह

गुलाबभाऊंचा पेनड्राइव्ह करदोड्याला बांधलेला असे. खिसा कापला जातो, पिशवी कुठेतरी विसरते, करदोडा मात्र जन्मभर माणसाला सोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. कळंबच्या स्टँडसमोर माझं टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तिथे येऊन ते सदरा वर करत, पेनड्राइव्ह लावत आणि काम होईस्तोवर कमरेने कॉम्प्युटरला जोडलेले उभे राहत. फॉर्म भरायला आलेल्या मुली भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागत आणि मला कुठे बघावं ते कळत नसे.

कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी लोकांची लग्नं जुळवण्याचं काम अंगावर घेतलं, तेही फुकट. पार ढाणकीपर्यंतच्या मुलामुलींचे बायोडाटा त्या पेनड्राइव्हमध्ये होते. लग्न झालं तरी ते पुसू देत नसत. लग्न झालं म्हणून माणसाचं नाव खोडायचं का, असं मलाच विचारत. स्वतः मात्र बिनलग्नाचे. आईच्या आजारपणात राहून गेलं म्हणतात. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कोणी विषय काढलाच, तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीची उंची सांगायला लागत.

रोज सकाळी मी शटर उचलायच्या आत ते टपरीवरून दोन कट चहा घेऊन हजर. मी समोर बसल्याशिवाय स्वतःचा कप उचलायचे नाहीत. बाहेर गिऱ्हाईक उभं, चहा निवून चाललेला आणि माझा पारा चढलेला. वर त्यांचं ठरलेलं वाक्य, "आरामशीर कर संजू, पन आत्ता कर."

एका मंगळवारी ते असेच जोडलेले असताना यवतमाळची बस लागली. नवीन बायोडाटा कॉपी होत होता. भाऊंनी बस पाहिली आणि ते थेट धावले. सीपीयू वीतभर सरकला, पेनड्राइव्ह उपटून निघाला आणि त्यांच्यासोबत बसमध्ये चढला. दुसऱ्या दिवशी लावला तर कॉम्प्युटर विचारू लागला, फॉरमॅट करायचं का?

"हो म्हन त्याले," भाऊ म्हणाले. "एवढं विचारून राह्यला बिचारा."

मी त्यांचा हात माउसवरून उचलून बाजूला ठेवला.

मग कळलं की त्यांना त्यातली एकच फाईल हवी होती. रविवारी घाटंजीचे पाहुणे येणार, त्यांना तो बायोडाटा द्यायचा. कोणाचा, ते मात्र सांगेनात. नाव सांगा, दहा मिनिटांत नवा टाइप करून देतो म्हटलं, तर नाही, तोच पाहिजे. मी हात जोडले. अहो, नाव नाही, गाव नाही, मी शोधू तरी काय? यावर त्यांनी मला आरामशीर पण आत्ता शोधायला सांगितलं.

रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला पाच-सहा तास लागणार होते. तेवढा वेळ हा माणूस कॉम्प्युटरला टांगून ठेवणं शक्य नव्हतं. मी कात्री काढली तेव्हा ते दोन पावलं मागे सरले. हयातीत करदोड्याला कात्री लावत नसतात म्हणे. करदोडा नव्हे, फक्त पेनड्राइव्हची दोरी कापतो, हे पटवण्यात अर्धा तास गेला. शेवटी डोळे घट्ट मिटून त्यांनी कापू दिली. तेव्हाच मला काही समजायला हवं होतं.

फाईली सापडल्या, पण सगळ्यांची नावं उडून नुसते नंबर उरले. म्हणजे एकेक उघडून बघणं आलं. भाऊ खुर्ची ओढून शेजारी बसले. हिला जुळं झालं, हा पुण्याला गेला, याची आई कटकटी पण पोरगा सोनं. गिऱ्हाइकं ताटकळून निघून गेली. या सगळ्यांची पुन्हा वरात काढायची का, असं मी तोंडावर विचारलं. ते पुढची उघड म्हणाले.

पुढची उघडली आणि त्यांनी स्क्रीनवर पंजा ठेवला.

"तू जरासा तिकडं पाह्य."

पंजा एवढासा, स्क्रीन मोठी. एका बोटाने टाइप केलेला, वेलांट्या भलतीकडे गेलेला कागद होता. नाव गुलाबभाऊंचंच. वय बासष्ट. सगळ्यात खाली अपेक्षा : काही नाही. सकाळी चहा पिताना समोर कोणी असावं.

निववलेले सगळे चहा मला एकदम आठवले आणि माझी मलाच लाज वाटली.

घाटंजीच्या ज्या बाईंचं स्थळ होतं, त्यांचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. रविवारी त्यांचे भाऊ येणार होते. हे सांगताना गुलाबभाऊ कीबोर्डकडे बघत होते.

"लोकं हासतीन का रे, संजू?"

"हसतील दोन दिवस," मी म्हणालो. "पण भाऊ, यात फोटो नाही."

त्यांना पांढऱ्या भिंतीपुढे उभं केलं. त्यांनी केसांना पाणी लावलं, सदऱ्याची वरची गुंडी लावली, दोन्ही हात शाळेतल्यासारखे सरळ ठेवले. मी मोबाइल धरला.

"आरामशीर काढ, संजू," ते म्हणाले.

त्यापुढचं ‘पन आत्ता’ आलंच नाही.