स्वस्त ॲम्प काबीज केल्याची हकीकत

राज्ये बुडाली, तख्ते फिरली, त्यांच्या हकीकती लिहिणारे बहुत जाहले. परंतु घरात एक ॲम्प आणावयास खाशांस कैसे कैसे सायास पडले हे लिहून ठेवणारा कोणी निघेना, म्हणोन हा उद्योग आम्ही शिरावर घेतला. जैसे घडले तैसे लिहिले आहे. कोणाची भीड धरिली नाही, खाशांची तर मुळीच नाही.

ऐसियास, वजनमापे खात्यातील निरीक्षक राजमान्य राजेश्री खासे हे बाजारपेठेत कर्दनकाळ म्हणोन मशहूर. पोतडीत पितळी वजने घेऊन स्वारी निघाली की किराणेवाल्यांच्या तोंडचे पाणी पळे, आणि दुकानदार कितीही शपथा वाहो, आपले वजन त्याच्या पारड्यात टाकिल्यावाचून खासे त्याचा काटा खरा मानीत नसत. त्यांचे कुटुंब बाईसाहेब ह्या रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये चाकरीस. लॅबच्या थोरल्या मॅडम निवृत्त होणार, त्यांच्या निरोपास मंडळींनी गाणेबजावणे करावे ऐशी मसलत ठरली, आणि बाईसाहेबांनी लग्नाआधीची इलेक्ट्रिक गिटार माळ्यावरून खाली उतरविली. ह्याच मॅडमनी त्यांस नवखेपणी शीर कैशी शोधावी हे शिकविले होते. तेव्हा त्यांच्यासाठी एक गाणे वाजवावे ही बाईसाहेबांच्या जिवाची हौस होती.

परंतु ही गिटार ऐशी की ॲम्प नामक पेटीस जोडिल्यावाचून तिचा आवाज शेजारच्या खुर्चीसही जात नाही. सबब बाईसाहेब गिटारीचे डोके निजण्याच्या खोलीतील लाकडी कपाटाच्या दारास टेकवून सराव करीत, म्हणजे दार थरथरे आणि थोडका सूर कानी येई. समारंभात कपाट नेता येत नाही. ॲम्प न आल्यास गिटारीची जागा काउंटरवरील बाईंच्या कीबोर्डास द्यावी, ऐसा लॅबच्या दरबारी निवाडा होऊन चुकला.

मग एके दिवशी पानावर बसल्या बसल्या बाईसाहेबांनी अर्ज गुदरला. "अहो, एखादा स्वस्तातला ॲम्प बघायला हवा. आवाज आला म्हणजे झालं."

"तू त्यात पडू नकोस," खासे म्हणाले. "मी अभ्यास करतो."

येथेच घात जाहला.

खाशांनी कानात इयरफोन खोविले, मोबाइल पुढे धरिला, आणि इंटरनेटच्या मुलखात स्वारी घातली. तेथे 'वॅटबहाद्दर' नामे एक सरदार नाकेबंदी करून होता. त्याचे फर्मान ऐसे की, पन्नास वॅटांखालील ॲम्प हे पोरांचे खेळणे, ते घेणारास गिटार शिवण्याचा हक्क नाही. पुढे नळीपंथी भेटले; त्यांचा हुकूम की, आत काचेच्या नळ्या तापून लाल होतात तोच ॲम्प, बाकी सारे पत्र्याचे डबे. मग एक महंत आले, त्यांनी स्वस्त ॲम्पांविषयी लंबी कैफियत देऊन अखेरीस स्वस्त ॲम्प घेऊच नये ऐसा कौल दिला. कोणी लिहिले, खोके मजबूत आहे, अजून उघडिले नाही, आणि पाच तारे बहाल केले. कोणी लिहिले, कुरिअरवाला उद्धट होता, आणि एकच तारा देऊन ॲम्पास देशोधडीस लाविले. एक हजरत 'सर्वोत्तम दहा' म्हणोन व्हिडिओ चालवीत, त्यात ॲम्प दिसत दहा आणि वाजत एकही नसे. मात्र हरएक ॲम्पाखाली 'येथे खरेदी करा' हे बटण, आणि बटणामागे हजरतांची दलाली, चोख ठेविलेली असे.

ज्या पुरुषाने डोळ्यांसमोरच्या वाण्यावर उभ्या हयातीत इतबार ठेविला नाही, त्याने ह्या बिनतोंडाच्या लोकांवर पुरता इतबार ठेविला. ह्यास काय म्हणावे? आम्ही म्हणत नाही, आमची चाकरी लिहिण्याची आहे.

इतके ऐकिल्यावर खाशांसही सल्ला देण्याची उबळ आली. वॅटबहाद्दर चालवीत त्या गिटारवाल्यांच्या समूहात एका नवख्याने लाल बटणाच्या एका ॲम्पाविषयी पुसिले, त्यास खाशांनी तत्काळ उत्तर रवाना केले की, हा ॲम्प काट्यावर काटा बोलतो, रतीभर इकडेतिकडे नाही. त्या ॲम्पाची खाशांनी तसबीर पाहिली होती. मग त्या उत्तरास अंगठ्यांवर अंगठे पडले, आणि समूहाने खाशांच्या नावापुढे 'जाणकार' हा किताब व एक सोनेरी चांदणी लाविली. खासे आनंदाने उठोन खोलीत गेले आणि ती चांदणी बाईसाहेबांस दाखविती जाहले. बाईसाहेब कपाटापाशी वाजवीत होत्या. त्यांनी चांदणी पाहिली आणि विचारिले, "आणि ॲम्प?"

"होतंय. घाई केली की फसतो माणूस."

ऐसे करिता समारंभ तोंडावर आला. लॅबमध्ये काउंटरवरील बाईंनी कीबोर्डाचे कव्हर धुवोन वाळत घातले, हे वर्तमान बाईसाहेबांच्या कानी आले आणि त्यांस अन्न गोड लागेना. तेव्हा खाशांस 'निष्पक्ष तज्ज्ञांचा कौल' म्हणोन एक वेबसाइट सापडली. तीत अव्वल जागा लाल बटणाच्या ॲम्पास दिली होती, आणि खाली लिहिले होते की हा काट्यावर काटा बोलतो. खाशांची छाती दुणावली. "बघ, तज्ज्ञसुद्धा माझ्यासारखंच म्हणतात!" ऐसे गर्जोन त्यांनी खरेदीचे बटण दाबिले.

ॲम्प दाखल जाहला तो जेवणाच्या डब्याएवढा. बाईसाहेबांनी गिटार जोडिली, तार छेडिली, तो आतून डब्यात कोंडलेल्या डासाचा आवाज आला. आवाज वाढवू गेल्या तो लाल बटण उपटोन हातात आले. बाईसाहेबांनी ते बटण टेबलावर ठेविले, आणि खाशांचा मोबाइल उचलोन तो कौल स्वतः वाचिला.

"अहो, 'रतीभर इकडेतिकडे नाही'... हे तुमचंच वाक्य आहे. रती कोण म्हणतं हल्ली?"

खाशांनी वाकोन पाहिले. खाली बारीक अक्षरात लिहिले होते: आधार, समूहातील एक जाणकार.

"तुम्ही हा वाजवून बघितला होता?"

"नाही," खासे म्हणाले. "फोटो बघितला होता."

बाईसाहेब रागे भरल्या नाहीत. त्या नुसत्या गिटार पिशवीत घालू लागल्या, आणि पिशवीची चेन अर्ध्यात अडकली ती ओढीत राहिल्या. ते पाहून खाशांस जी शरम वाटली ती कोण्या वाण्यास दंड भरतानाही वाटली नसेल.

दुसरे दिवशी ड्यूटी सुटताच बाईसाहेब गिटार पाठीस लावून थेट बसथांब्यामागील वाद्यांच्या दुकानात गेल्या, आणि खासे मागोमाग, निःशस्त्र. दुकानदाराने मोबाइल काढिला आणि अमुक ॲम्पास ऑनलाइन किती तारे आहेत हे सांगो लागला.

"ते राहू द्या," बाईसाहेब म्हणाल्या. "माझी गिटार लावून बघू का?"

मग त्यांनी एकास गिटार जोडिली, वाजविली, आणि मान हलविली. दुसऱ्यास जोडिली, वाजविली, आणि नाक मुरडिले. मग कोपऱ्यातील एक जुना, वापरलेला, तोंडाचे कापड फाटलेला ॲम्प ओढिला, वाजविला, आणि डोळे मिटून वाजवीतच राहिल्या. "हा द्या." दुकानदाराने मागविलेला चहा अजून निवला नव्हता. खासे पाहातच राहिले. दर दिवशी दर पारड्यात ते जे करीत तेच बाईसाहेबांनी केले होते, आणि तेवढेच त्यांस सुचले नव्हते.

समारंभाचे दिवशी खाशांनी ॲम्प स्वहस्ते, जिन्यावरून, पोटाशी धरोन वाहिला. कीबोर्ड कव्हरातच राहिला. बाईसाहेबांनी गाणे वाजविले, पहिल्या ओळीस बोट चुकले, पुढे चुकले नाही, आणि थोरल्या मॅडम खुर्चीतून उठोन टाळ्या वाजवीत पुढे आल्या. खासे मागील रांगेत उभे होते. बायको इतके चांगले वाजविते हे त्यांस तेव्हा समजले. इतके दिवस ती पलीकडच्या खोलीत वाजवीत होती आणि ह्यांच्या कानात इयरफोन होते. खाशांचे डोळे भरोन आले, ते आम्ही पाहिले आहेत.

घरी येऊन खाशांनी समूहात खरे ते लिहिले की, दुकानात जावे, आपली गिटार जोडावी, आणि वाजवून पाहावे. त्यास एकही अंगठा पडला नाही. वॅटबहाद्दरांनी उलट फर्माविले की अनुभव नसणारांनी सल्ले देऊ नयेत, आणि चांदणी काढून घेतली.

येणेप्रमाणे ॲम्प काबीज जाहला. फत्ते बाईसाहेबांची, हमाली खाशांची. लाल बटण ड्रॉवरात कैद आहे, इयरफोन त्याच्या सोबतीस. कपाट चाकरीतून मोकळे जाहले, आता त्यात फक्त कपडे असतात. खासे हल्ली संध्याकाळी पलंगाच्या कडेस बसोन ऐकतात. विचारिल्यावाचून सल्ला देत नाहीत, आणि त्यांस कोणी विचारीत नाही.