चादर आणि डबा

होडी चालवायला अक्कल लागते, हा गैरसमज होडीवाल्यांनीच पसरवला आहे. शीड म्हणजे शेवटी काय? दोरीवर वाळत घातलेली चादर! उडायला लागली की धरायची, एवढंच!

हे मी मेहुण्याला त्याच्याच धक्क्यावर, त्याच्याच होडीत बसून सुनावलं. सुट्टीला आम्ही त्याच्या घरी आलो होतो. आमचं घर तलावाच्या पलीकडे. बायको गाडीने वळसा घालून पुढे गेली होती.

"भाऊजी, तलाव मोठा आहे. मी येतो सोबत."

"तू दुपारची झोप काढ! तेवढंच झेपतं तुला."

निघालो. वारा पाठीशी, होडी सुसाट! आणि मेहुण्याने म्हणे यासाठी क्लास लावला होता. क्लास! उद्या शिंकायला शिकवणी लावेल हा!

मध्यावर एक प्रवासी लाँच दिसली. तिच्या भोंग्याने कान किटले, म्हणून मी दोन्ही हात हलवून तिला हाकललं. तर ती वळून थेट माझ्याकडेच!

"काय झालं? दोर टाकू?" लाँचवाला ओरडला. प्रवासी कठड्याशी गोळा झाले.

"अहो, मी 'चालते व्हा' म्हणतोय!"

"पाण्यात दोन्ही हात हलवले की 'वाचवा' असतं, साहेब."

"माझ्यापुरतं 'चालते व्हा'! डबा चालवतोस आणि मला शिकवतोस?"

त्याने डबा वळवला.

आमचा किनारा दिसू लागला आणि वारा फिरला. शिडाखालचा आडवा दांडा गर्रकन वळून टाळक्यात बसला, होडी कुशीवर निजली आणि मी पाण्यात! पोहता तर येत नाही! होडीची कड काखेत आवळली. लांबून तीच लाँच परतत होती. जिवाच्या आकांताने दोन्ही हात हलवले.

"लक्षात आहे, साहेब! चाललो, चाललो!"

प्रवाशांनी टाटासुद्धा केला. नालायक!

डोळे गच्च मिटून घेतले. होडी आणि मी वाहत राहिलो. किती वेळ, देव जाणे. मग बायकोची हाक ऐकू आली.

"अहो! काय चाललंय?"

"बुडतोय! तुझ्या भावाला सांग, होडीत दोष होता..."

"पाय टेका!"

"दोन शब्द तरी बोलू दे गं शेवटचे!"

"आधी पाय टेका!"

टेकले. पाणी गुडघ्याच्या वर होतं. किंचितच, पण वर होतं, एवढं कृपया ध्यानात घ्या.