पिकनचा शिरा

आमचे खेडेकरकाका दिवाळीला दिवसभर चादर ओढून झोपतात आणि बटाट्याच्या दिवशी नवा शर्ट घालतात.

काका लांज्याकडचे, इथे मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर. वादी कबीर भागातल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही तिघे राहतो : काका, रत्नागिरीचा नझीम आणि मी. नझीम ट्रक चालवतो, मी एका वर्कशॉपच्या ऑफिसात बसतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. विमानात तर कुणीच बसलं नव्हतं. मी आलो त्या दिवशी काकांनी मला आपली खालची कॉट दिली आणि स्वतः वरच्या कॉटवर चढले. अजून उतरलेले नाहीत.

जगात कुठे कुठल्या पदार्थाचा दिवस आहे, हे काकांना मोबाइलवर कळतं. आम्ही दमून दारात आलो, की बूट काढायच्या आत प्रश्न येतो, "आज काय आहे, सांगा बघू?" कधी पॅनकेक असतो, कधी कॉर्न. वर काकांचा नियम असा, की सगळे बसल्याशिवाय ते घास घेत नाहीत. चॉकलेटच्या दिवशी आम्ही दोघे न जेवताच आडवे झालो. काकांनी केलेलं सगळं झाकून ठेवलं आणि तसेच उपाशी झोपले.

असाच एकदा उन्हाळ्यात पिकनचा दिवस आला. पिकन म्हणजे अक्रोडाचा लांबट, चेपलेला भाऊ. बौशरच्या मॉलपर्यंत जाऊन काकांनी तो आणला होता. अमेरिकेत त्याचा 'पाय' नावाचा भाजलेला गोड पदार्थ करतात म्हणे. आमच्याकडे ओव्हन नाही, म्हणून काकांनी शिरा केला.

नझीमने पातेल्यात डोकावून पाहिलं. "काका, झुरळं भाजून घातलीत काय?"

"अरे, लांबून आलेला मेवा आहे. यल्ला, चला, बसा!"

"मीपण लांबूनच आलोय. सोहारहून, ट्रक हाकत. पाठ बोलत्येय. आज खलास, मी झोपतो."

मीही मनातून झोपलोच होतो. काका झाकण हातात घेऊन उभे राहिले.

नझीम खोलीच्या दारात थांबला. "एक सांगा काका. दिवाळीला तुम्ही उठत नाही. गणपतीत कुणाशी बोलत नाही. आणि ह्या परक्या दाण्यांचं एवढं कौतुक?"

काका झाकणाकडे बघत म्हणाले, "दिवाळीला बायको फराळाचं ताट माझ्या नावाने वाढते. त्याचा फोटो पाठवते. तो आला की मला घास उतरत नाही रे." मग झाकण बाजूला ठेवून, "पिकनच्या दिवशी घरी कुणी माझी वाट बघत नाही. म्हणून आज जेवता येतं."

ईदला नझीमच्या घरी काय वाढून ठेवतात, हे त्याने आम्हाला कधी सांगितलेलं नाही. तो परत आला, खाली बसला आणि ताटली पुढे केली. मीही बसलो.

काकांनी आधी आम्हाला वाढलं, मग स्वतः घेतलं. एसीत शिरा गार पडला होता, वर तूप थिजलं होतं. आम्ही पातेलं संपवूनच उठलो.